राष्ट्रीय अधिवेशनाला मंडळीचा प्रतिनिधी म्हणून जाताना : खान्देशातून विचारले जाणारे प्रश्न

खान्देशातल्या ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) नेमक्या कोणत्या अधिवेशनाला प्रतिनिधी पाठवतात?

सगळ्या एकाच अधिवेशनाला पाठवत नाहीत. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पूर्वेच्या पट्ट्यात अलायन्स मिशनच्या कामातून मंडळ्या उभ्या राहिल्या, तर पश्चिमेला नवापूर-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या कामातून. राष्ट्रीय अधिवेशनं भरवणाऱ्या मोठ्या मंडळ्यांपैकी सीएनआय म्हणजे उत्तर भारताची मंडळी. ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळी-परंपरा एकत्र येऊन स्थापन झाली. तिची सर्वोच्च सभा म्हणजे सिनॉड, आणि सिनॉड साधारणपणे दर तीन वर्षांनी भरते. मेथडिस्ट मंडळीची जनरल कॉन्फरन्स दर चार वर्षांनी होते. निरनिराळ्या मंडळ्यांना एकत्र आणणारी राष्ट्रीय ख्रिस्ती परिषद १९१४ पासूनची आहे. तिचं मुख्यालय नागपूरला आहे आणि महासभा दर चार वर्षांनी भरते.

नियम प्रत्येकीचे वेगळे आहेत. खाली दिलेलं बहुतेक ठिकाणी लागू पडतं, पण शेवटचा शब्द तुमच्या मंडळीच्या घटनेचा. ती पुस्तिका पाळकांकडे (पास्टरांकडे) असते. निवड झाल्याच्या आठवड्यातच मागून घ्या.

प्रतिनिधी, निरीक्षक आणि पाहुणा यांत फरक काय?

मत फक्त प्रतिनिधीला असतं. निरीक्षकाला बसता येतं आणि सभापतींनी परवानगी दिली तर बोलताही येतं. पाहुणा सत्कारापुरता आणि उपासनेपुरता असतो. बिल्ल्याचा रंग वेगळा असतो आणि मतमोजणीच्या वेळी बसायची जागाही वेगळी असू शकते.

“मंडळीने सांगितलं तसंच मत द्यायचं का?” हेही नेहमी विचारलं जातं. मंडळीचं म्हणणं पोहोचवणं हे तुमचं काम आहेच. पण चर्चा ऐकून, प्रार्थना करून, सगळ्या मंडळीच्या भल्याचं वाटेल ते मत द्यायला तुम्हाला निवडलेलं असतं. नुसता निरोप पोहोचवायचा असता तर पत्र पुरलं असतं. म्हणून जाण्याआधी पास्टरेट कमिटीशी, म्हणजे स्थानिक मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीशी, स्पष्ट बोलून घ्या : कोणत्या विषयावर मंडळीचा ठाम ठराव आहे आणि कोणत्या विषयावर तुम्हाला मोकळीक आहे.

निवड झाल्यावर पहिलं काम कोणतं?

अधिकारपत्र. त्यावर पाळकांची किंवा बिशपांची सही, शिक्का आणि तुमचं नाव आधार कार्डावर आहे तसंच हवं. गावित, वळवी, पाडवी, कोकणी या आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग कार्डागणिक बदललेलं असतं. यादीत एक, आधारवर दुसरं आणि तिकिटावर तिसरं असलं की नोंदणीच्या टेबलावर अर्धा दिवस जातो. कोणीतरी आजारी पडून पर्यायी प्रतिनिधी जाणार असेल तर बदलाचं पत्र आधीच ईमेलने पाठवा आणि मूळ प्रत सोबत ठेवा.

दुसरं काम वाचनाचं. कार्यक्रमपत्रिका, मागचं इतिवृत्त, अहवाल, हिशेब आणि घटनादुरुस्तीचे प्रस्ताव मिळून शंभर-दोनशे पानं सहज होतात, तीही बहुतेक इंग्रजीत. एकट्याने वाचू नका. मंडळीतल्या एखाद्या शिक्षिकेला किंवा कॉलेजच्या मुलाला बरोबर घ्या, रोज एक तास बसा आणि प्रत्येक ठरावाचा मराठीत दोन ओळींत अर्थ वहीत लिहा : काय बदलणार, पैसे कुठून येणार, आपल्या मंडळीवर काय परिणाम होणार. सभागृहात हीच वही उपयोगी पडते. गाडीत वाचू म्हणणाऱ्यांचं वाचन होत नाही.

खान्देशातून प्रवास कसा आखावा?

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा अधिवेशनाची तारीख कळताच दिवस मोजून ठेवा. अधिवेशनं बऱ्याचदा दिवाळी ते नाताळच्या मोसमात येतात आणि त्या दिवसांत उत्तरेच्या गाड्या लवकर भरतात. तत्काळचं बुकिंग आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला सुरू होतं. ऑनलाइन तत्काळ काढायचं असेल तर खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते आधीच करून ठेवा, त्या सकाळी होत नाही. ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत बसता येत नाही.

दिल्लीसाठी भुसावळ आणि जळगाव सोयीचे. कर्नाटक एक्सप्रेस आणि झेलम एक्सप्रेस या वाटेने जातात, पंजाब मेल भुसावळला मिळते. नागपूरसाठी महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. नंदुरबारकरांनी भुसावळकडे येण्याआधी सुरतेचाही विचार करावा, नवापूर-चिंचपाडा भागातून तर नक्कीच. सुरतेहून दिल्लीला गाड्या भरपूर आहेत. धुळेकरांना चाळीसगाव गाठून पुढची गाडी धरता येते. शिरपूर, चोपडा, यावलकडच्यांनी बस आणि रेल्वे यांच्यात किमान तीन तासांचं अंतर ठेवावं.

अधिवेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचायचं धरा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. उद्घाटनाची उपासना चुकली तर वाईट वाटतं, पण पहिलं कामकाजाचं सत्र चुकलं तर नियमावली मंजूर होते आणि तुम्हाला तीन दिवस ती कळत नाही.

सोबत काय घ्यावं?

अधिकारपत्राच्या दोन झेरॉक्स, आधार, बायबल, गीतपुस्तक, वही, दोन पेनं, चष्मा. मुक्काम बहुतेक वसतिगृहात किंवा शाळेच्या खोल्यांत असतो, म्हणून चादर, टॉवेल, छोटं कुलूप आणि चार्जरला जोडायची लांब वायर. जानेवारीत दिल्लीकडे जाणार असाल तर आतून घालायचे गरम कपडे, कानटोपी आणि मोजे घ्या. आपल्याकडच्या थंडीचा अंदाज तिथे चालत नाही.

प्रवासाला ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि ठेचा दोन दिवस टिकतो. रावेर-यावलची केळी भेट न्यायची असतील तर कच्ची, हिरवी घ्या. पिकलेली गाडीत काळी पडतात.

औषधांचं काय?

बीपी-साखरेच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्त घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. नंदुरबार भागातल्या कुटुंबांत सिकलसेल आढळतो. ज्यांना तो आजार आहे त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्यावं. थंडी, जागरण आणि पाणी कमी पिणं या तिन्हींमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि अधिवेशनात तिन्ही एकदम होतात. पाण्याची बाटली बाकावर ठेवा, सकाळच्या उपासनेला स्वेटर घालून जा, आणि दुखू लागलं तर सत्र संपायची वाट न बघता स्वयंसेवकाला सांगा.

प्रतिनिधीचा दिवस कसा जातो?

वेळा थोड्या मागेपुढे होतात, पण चौकट साधारण अशी असते. साडेपाचला उठा, कारण नळाला आणि गरम पाण्याला रांग लागते. साडेसहा-सातला प्रार्थना किंवा प्रभुभोजन. आठला नाश्ता. पावणेनऊला बायबल अभ्यास. साडेनऊला हजेरी आणि गणपूर्तीची घोषणा, आणि तिथून जेवणापर्यंत कामकाज, मध्ये चहा. दुपारी बरेचदा गट पाडतात : सुवार्ताकार्य, शिक्षण, आरोग्य, महिला, युवक, अर्थ. चारच्या चहानंतर पुन्हा पूर्ण सभा. साडेसहा-सातला संध्याकाळची उपासना, मग जेवण, आणि कधी निरनिराळ्या राज्यांची गाणी-नाच. ठराव समिती मात्र त्या वेळी एखाद्या खोलीत उद्याचा मसुदा लिहीत असते.

सगळ्यात जड वेळ दुपारी दोन ते चार. जेवण झालेलं असतं आणि अहवाल लांब असतात. नेमके हिशेब आणि मालमत्तेचे विषय बऱ्याचदा याच वेळात येतात. जेवण हलकं घ्या आणि त्या सत्रात पुढच्या ओळींत बसा.

गटचर्चेला कमी लेखू नका. पूर्ण सभेत तुम्हाला दोन-तीन मिनिटं मिळतील, गटात वीस-पंचवीस जणांत सविस्तर बोलता येतं. गटाच्या लेखनिकाने तुमचा मुद्दा टिपला की तो ठराव समितीकडे जातो. बदल बहुतेक वेळा याच वाटेने होतात.

कामकाज इंग्रजी-हिंदीत चालतं. मराठीत बोलता येईल का?

येतं, फक्त आधी सांगावं लागतं. नोंदणीच्या वेळीच अनुवादक मागा किंवा आपल्या भागातल्या दुसऱ्या प्रतिनिधीला तयार ठेवा. वाक्यागणिक अनुवाद होत असेल तर तीन मिनिटांत तुमच्या वाट्याला दीड मिनिटच येतं, म्हणजे जेमतेम दीडशे शब्द. ते लिहून काढा आणि कागद अनुवादकाला आदल्या रात्री द्या. सुरुवातीची आभाराची वाक्यं गाळा. पहिल्या वाक्यात नाव आणि मंडळी, दुसऱ्यात ठरावाला पाठिंबा की विरोध, मग एकच कारण आणि एकच उदाहरण.

मावची किंवा भिली बोलणाऱ्या बहिणींनी आणि भावांनी मराठी अडखळते म्हणून गप्प बसू नये. ईशान्येकडचे, झारखंडचे प्रतिनिधीही दुसऱ्याच्या भाषेत बोलत असतात. सभागृह शांतपणे ऐकतं.

ठराव, दुरुस्ती आणि मतदान यांत गोंधळ होतो. नीट समजावून सांगाल का?

याच जागी सर्वांत जास्त मतं चुकतात, म्हणून सविस्तर सांगतो.

ठराव कोणीतरी मांडतं, दुसरं कोणी अनुमोदन देतं. अनुमोदन नसेल तर चर्चा होत नाही. चर्चेत कोणी दुरुस्ती सुचवली तर आधी फक्त दुरुस्तीवर मत घेतात. समजा ठराव आहे, “प्रत्येक धर्मप्रांताने (बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाने) उत्पन्नाच्या ५ टक्के मिशन निधीला द्यावेत”, आणि दुरुस्ती आहे, “५ ऐवजी २”. दुरुस्ती मंजूर झाली म्हणजे २ टक्के ठरले असं नाही. आता “२ टक्के द्यावेत” या सुधारलेल्या ठरावावर पुन्हा मत होतं आणि तो नापासही होऊ शकतो. पहिल्या मतदानानंतर चहाला उठणारे प्रतिनिधी या दुसऱ्या मतदानाला नसतात. तुम्हाला काहीच द्यायला नको असेल, तरी दुरुस्तीला हो आणि अंतिम ठरावाला नाही असं मत देता येतं. त्यात विसंगती नाही.

कळलं नाही तर हात वर करून सभापतींना विचारा, “आता मत दुरुस्तीवर आहे की मूळ ठरावावर?” हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि बाजूच्या दहा जणांनाही तेच विचारायचं असतं.

बहुमताची गणितंही वेगवेगळी आहेत. समजा सभासद २००, हजर १८०, आणि १० जण तटस्थ राहिले. मतं पडली १७०. “हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत” म्हणजे ८६. “एकूण सभासदांचं बहुमत” म्हणजे १०१. “मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश” म्हणजे ११४. बाजूने १०० आणि विरोधात ७० मतं पडली तर पहिल्या नियमाने ठराव मंजूर, उरलेल्या दोन्हींनी नामंजूर. घटनादुरुस्तीला बहुतेक ठिकाणी जास्त बहुमत लागतं. कोणत्या विषयाला कोणता नियम ते वहीत आधीच लिहून ठेवा. एकूण सभासदांचं बहुमत लागत असेल तेव्हा तटस्थ राहणं किंवा बाहेर असणं हे विरोधी मतासारखंच मोजलं जातं.

पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत मत कशामुळे बाद होतं?

मतपत्रिकेवर स्वतःचं नाव किंवा सही करणं, सांगितल्यापेक्षा जास्त खुणा करणं, खाडाखोड, आणि फुलीच्या ठिकाणी बरोबरची खूण किंवा उलट. चूक झाली तर घडी करून टाकू नका. मतदान अधिकाऱ्याकडे पत्रिका परत देऊन दुसरी मागा. मतपत्रिकेचा फोटो काढू नका, कोणी मागितला तर देऊ नका.

रात्री खोलीवर येऊन “अमक्याला मत द्या” असं सांगतात. काय करावं?

उमेदवाराविषयी माहिती विचारणं आणि सांगणं योग्य आहे. पाकीट, परतीचं तिकीट, गावच्या कामाला निधी देण्याचं आश्वासन, किंवा “तुमचे सगळे एकगठ्ठा इकडे” असा दबाव योग्य नाही. नम्रपणे नकार द्या, पाकीट हातात घेऊच नका, आणि आपल्या गटप्रमुखाला त्याच रात्री सांगा. पहिल्यांदा आलेल्या तरुण आणि आदिवासी प्रतिनिधींना असे लोक आधी गाठतात, म्हणून अनुभवी प्रतिनिधींनी त्यांच्या खोलीत राहावं. मंडळी ख्रिस्ताची आहे. तिची पदं विकत घेता येतात असं आपल्या तरुणांना तिथे दिसता कामा नये.

हिशेब आणि मालमत्तेचे विषय कळत नाहीत. काय बघावं?

हिशेबात तीन गोष्टी बघा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, तर लेखापरीक्षण झालेले आकडे कोणत्या वर्षापर्यंतचे आहेत? लेखापरीक्षकाने शेरे मारले आहेत का? ते अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत असतात. आणि राखीव निधी मूळ कामासाठीच वापरला आहे का?

परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने बरंच बदललं. अशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही, आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेला, ती नोंदणीकृत असली तरी, पुढे देता येत नाही. म्हणून “केंद्रीय कार्यालयाने परदेशी निधीतून आमच्या दवाखान्याला पैसे पाठवावेत” अशी वेगळ्या ट्रस्टसाठीची मागणी मंजूर झाली तरी अमलात येत नाही. मागणी देशांतर्गत निधीतून करा.

मालमत्तेच्या ठरावावर सर्वांत जास्त लक्ष द्या. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टची जमीन विकणं, बदलून देणं किंवा बक्षीस देणं याला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त भाड्याने देतानाही ती लागते. “व्यवस्थापनाला योग्य ती कार्यवाही करण्याचे अधिकार देण्यात येत आहेत” असं मोघम वाक्य दिसलं की विचारा : गट क्रमांक कोणता, क्षेत्र किती, मूल्यांकन कोणी केलं, पैसे कशाला वापरणार, परवानगीचा अर्ज झाला आहे का? उत्तरं इतिवृत्तात नोंदवा म्हणून आग्रह धरा. मिशनच्या काळातल्या शाळा, वसतिगृहं आणि दफनभूमी एकदा गेल्या की परत मिळत नाहीत.

आरक्षणाच्या ठरावावर खान्देशच्या प्रतिनिधीने काय माहीत ठेवावं?

राष्ट्रीय पातळीवर हा विषय वारंवार येतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. तो आदेश १० ऑगस्टचा, म्हणून अनेक मंडळ्या तो दिवस निषेध दिवस म्हणून पाळतात. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. मावची किंवा भिल्ल कुटुंब ख्रिस्ती असलं तरी त्याचा जमातीचा दर्जा राहतो. दोन्ही विषय एकत्र झाले की भाषणं भरकटतात आणि ठराव कमकुवत होतो. आपल्या प्रतिनिधींनी फरक सांगावा आणि दलित बांधवांच्या ठरावाला मनापासून पाठिंबा द्यावा.

आपल्या भागाचा प्रश्न अधिवेशनात कसा मांडायचा?

हंगामी स्थलांतराचं उदाहरण घ्या. दिवाळीनंतर धुळे-नंदुरबारची असंख्य कुटुंबं ऊसतोडीला बारडोली, सुरत, नवसारीकडे जातात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला परततात. नाताळ पडावावरच, म्हणजे तोडणी मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीवरच होतो. मुलांचे दृढीकरणाचे वर्ग मध्येच तुटतात, आजारपणात पाळक जवळ नसतो.

हे नुसतं दुःख म्हणून सांगितलं तर टाळ्या मिळतात, निर्णय होत नाही. लेखी ठराव द्या, बहुतेक ठिकाणी काही आठवडे आधी : “नोव्हेंबर ते एप्रिल या काळात स्थलांतरित सभासदांची यादी मूळ पास्टरेटने गुजरातेतील जवळच्या मंडळीला १५ नोव्हेंबरपर्यंत पाठवावी, त्या मंडळीने महिन्यातून एकदा पडावावर उपासना घ्यावी, प्रवासखर्च दोन्ही धर्मप्रांतांनी निम्मा-निम्मा उचलावा.” कोण, काय, कधी आणि पैसे कुणाचे हे चारही त्यात आहे. गुजरातच्या प्रतिनिधीलाच अनुमोदन द्यायला सांगा. पहिल्या दिवशीच्या जेवणाच्या रांगेत त्यांना गाठा, सलाम करा, सोबत जेवा आणि मसुदा दाखवा.

सभागृहातून मोबाइलवर बातमी टाकली तर चालते का?

उपासनेचे फोटो चालतात. निकालाची घोषणा होण्याआधी आकडे, शिस्तभंगाच्या चर्चा, कोणाच्या पगाराचे किंवा आजाराचे तपशील गावच्या गटात टाकू नका. अर्धवट बातमी तुमच्या आधी गावात पोहोचते आणि परतल्यावर पहिला महिना तीच निस्तरण्यात जातो.

परत आल्यावर काय करायचं?

खर्चाचं बिल आठवड्यात द्या. मूळ तिकीट, बसची तिकिटं आणि रिक्षाखर्चाची सही केलेली चिठ्ठी जोडा.

दोन आठवड्यांत पास्टरेट कमिटीला दोन पानी अहवाल द्या : मंजूर ठराव, नामंजूर ठराव, आपल्या मंडळीला करायची कामं आणि त्यांच्या तारखा. तुम्ही कोणत्या बाजूने मत दिलं आणि का, तेही सांगा. गुप्त मतदानाचं मात्र सांगायची गरज नाही. रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटांत तोंडी सांगा, आणि जिथे घरात अहिराणी किंवा मावची बोलतात तिथे त्याच भाषेत. म्हाताऱ्या बायांना प्रश्न विचारायला वेळ ठेवा, त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा जमिनीचे आणि दफनभूमीचे असतात.

कागदपत्रांचा गठ्ठा घरी ठेवू नका. पुढचं अधिवेशन तीन-चार वर्षांनी येईल तेव्हा प्रतिनिधी दुसराच असेल आणि त्याला मागचं इतिवृत्त लागेल. वर्ष लिहून तो मंडळीच्या कपाटात ठेवा आणि त्याची नोंद कमिटीच्या इतिवृत्तात करून घ्या. तुमची टिपणांची वहीही त्यातच द्या.